आमची शनिवारची बैठक

गप्पा मारणें हें काम आहे कीं कामचुकारपणा आहे, याविषयीं वडील मंडळी आणि आम्ही विद्यार्थी यांच्यांत फार दिवसांपासून मतभेद चालत आलेला आहे. परीक्षा जवळ आली म्हणजे तर ‘गप्पा’ हा शब्द आमच्या घरीं शिवीसारखा उच्चारला जातो. गप्पांनीं कोणाचें पोट भरलें आहे, असा प्रश्न वडील विचारतात, आणि त्याचें उत्तर आम्हांस आजवर देतां आलेलें नाहीं. तथापि मागील पावसाळ्यांत आमच्या वसतिगृहाच्या पश्चिमेकडील व्हरांड्यांत दर शनिवारीं सायंकाळीं ज्या गप्पा झाल्या, त्यांनीं आमचें पोट जरी भरलें नाहीं, तरी आमचे डोळे थोडेसे उघडले. ती हकीकत आमच्या शाळासोबत्यांस, व त्यांच्या आईवडिलांसही, सांगावी म्हणून हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

गोष्ट अशी घडली. जुलै महिना होता. पटांगणांत घोट्याएवढें पाणी सांचलें होतें, त्यामुळें खेळ बंद पडला होता. कॅरमच्या सोंगट्या दमट हवेनें फळीला चिकटून बसत, आणि वीज सायंकाळ झाली कीं हटकून जात असे. मोबाईल वसतिगृहांत ठेवण्याची परवानगी नाहीं. अशा वेळीं दहावीच्या वर्गांतील आम्ही सहाजण व्हरांड्यांत सतरंजी टाकून बसत असूं आणि पाऊस पाहत असूं. एके दिवशीं आमचे ग्रंथपाल गुरुजी तेथून जात असतां थांबले व म्हणाले, “अरे, नुसते बसलां आहांत, तर हें वाचा.” असें म्हणून त्यांनीं आमच्यापुढें दोन पुस्तकें ठेविलीं. एक होतें चीन व जपान या देशांतील लहान लहान गोष्टींचें, सोप्या इंग्रजींतलें, मुखपृष्ठ गळून पडलेलें. दुसरें होतें जाडजूड, बारीक टाइपाचें व तळटीपांनीं भरलेलें. तें आम्हीं उघडलें, एक पान वाचलें आणि मोठ्या आदरानें मिटून ठेविलें.

या दुसऱ्या पुस्तकाची हकीकत मात्र आमच्यासारख्या मिशन शाळेंतील मुलांस कौतुकाची वाटेल. तें भाषांतर करणारे जेम्स लेग हे स्कॉटलंडांत १८१५ मध्यें जन्मलेले मिशनरी होते. मलाक्का येथें व पुढें १८४३ पासून हाँगकाँग येथें ते मिशनच्या विद्यालयाचे मुख्याध्यापक होते. शाळा चालवितां चालवितां ते चिनी ग्रंथांचा अभ्यास करीत. ज्या लोकांना आपण शिकवावयास आलों, त्यांचे ऋषि काय शिकवीत होते हें आधीं आपण शिकलें पाहिजे, असें त्यांस वाटलें असावें. १८७६ मध्यें ते ऑक्सफर्ड येथें चिनी भाषेचे पहिले प्राध्यापक झाले, आणि ऋग्वेदाच्या प्रकाशनामुळें आपल्याकडे परिचित असलेले मॅक्स म्यूलर यांच्या पौर्वात्य पवित्र ग्रंथांच्या मालेंत, १८९१ सालीं, त्यांचें ताओपंथाच्या ग्रंथांचें भाषांतर प्रसिद्ध झालें. त्याच मालेचा दिल्लीस पुनर्मुद्रित झालेला एक खंड गुरुजींनीं आमच्यापुढें ठेविला होता. त्या खंडाचें पुढें काय झालें तें यथाकाल येईलच.

या गोष्टींचीं दोन कुळें आहेत. एक ताओपंथाचें. ताओ म्हणजे वाट, मार्ग. या पंथाचा थोर कथाकार च्वांग-त्सू हा इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत चीन देशांत होऊन गेला. त्याच्या नांवानें चालत आलेल्या ग्रंथांत राजे, सुतार, स्वयंपाकी, माकडें, मासे, निरुपयोगी म्हणून वांचलेले वृक्ष अशा सर्वांची गर्दी आहे, आणि पुष्कळदां शहाणपणाचें बोलणें राजाच्या तोंडीं नसून स्वयंपाक्याच्या किंवा चाकें करणाऱ्या कारागिराच्या तोंडीं असतें. दुसरें कूळ झेन साधूंचें. ‘झेन’ हा शब्द कानाला परका वाटतो. परंतु तो आपल्याच घरचा आहे. संस्कृतांतील ‘ध्यान’ हा शब्द बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमध्यें गेला. तेथें तो ‘छान-ना’ व पुढें नुसताच ‘छान’ झाला, आणि जपानांत पोहोंचल्यावर ‘झेन’ झाला. हा पंथ तिकडे नेणारा बोधिधर्म दक्षिण भारतांतून गेला, असें चिनी परंपरा सांगते. हें ऐकतांच आमच्यांतील विनोदी मित्र म्हणाला, “आपल्याकडे एखाद्याला ध्यान म्हटलें तर त्याला राग येतो, चीनमध्यें तेंच ध्यान छान ठरलें!”

झेन पंथांत गुरु शिष्याला चिंतनासाठीं जो प्रश्न किंवा प्रसंग देतो, त्याला जपानी भाषेंत ‘कोआन’ म्हणतात. मूळ चिनी शब्दाचा अर्थ सरकारी कचेरींत नोंदलेला खटला असा आहे. वूमेन नांवाच्या साधूनें १२२८ सालीं असे ४८ खटले एकत्र करून त्यांवर आपलें भाष्य लिहिलें. त्या ग्रंथाच्या नांवाचा अर्थ ‘दार नसलेली वेस’ असा कांहींसा होतो. जिला दारच नाहीं त्या वेशींतून आंत जाण्यास अडचण ती कोणती? तरीही लोक आठशें वर्षें तिच्याबाहेर उभे आहेत, ही खरी मौज आहे.

आम्हीं बैठकीचे तीन नियम केले. पाळीपाळीनें एकानें गोष्ट सांगावी. गोष्ट संपतांच कोणीही ‘तात्पर्य’ सांगूं नये. आणि ज्यानें गोष्ट सांगितली त्यानें त्या दिवशीं चहाचे पेले धुऊं नयेत, तें काम बाकीच्यांनीं क्रमानें करावें. दुसरा नियम पाळणें सर्वांत कठीण गेलें. लहानपणापासून गोष्टीच्या शेवटीं तात्पर्य वाचण्याची आम्हांस इतकी संवय आहे कीं, आमच्यांतील एकजण पहिल्या दिवशीं पान उलटून तात्पर्य शोधीत होता, व तें न सांपडल्यामुळें पुस्तकाचें पान फाटलें असावें असें त्याचें मत पडलें.

पहिली गोष्ट माकडांची निघाली. माकडें पाळणारा एक मनुष्य माकडांना म्हणाला, “तुम्हांला फळें सकाळीं तीन व सायंकाळीं चार मिळतील.” माकडें रागावलीं. तेव्हां तो म्हणाला, “बरें, सकाळीं चार व सायंकाळीं तीन.” माकडें आनंदलीं. ही गोष्ट च्वांग-त्सूनें आमच्या भोजनगृहाकडे पाहूनच लिहिली कीं काय, असें आम्हांस वाटलें. कारण मागच्याच वर्षीं सकाळीं तीन पोळ्या व रात्रीं चार हा नेम बदलून सकाळीं चार व रात्रीं तीन करून घेण्यासाठीं आम्हीं अधीक्षकसाहेबांकडे अर्ज केला होता, व तो मान्य झाल्याबद्दल विजयोत्सवही केला होता! थोडा वेळ आम्ही ओशाळून हंसलों. मग एकजण म्हणाला, “पण माकडांचें काय चुकलें? सकाळीं भूक अधिक लागते.” दुसरा म्हणाला, “माकडांचें राहूं द्या, त्या मालकाकडे पहा. एकूण सातच होतात हें त्याला ठाऊक होतें, आणि तरी तो आपलेंच खरें करीत बसला नाहीं.” हें बोलणें आम्हांस पटलें. ज्यांत आपलें कांहीं जात नाहीं, त्यांत दुसऱ्याच्या मनासारखें होऊं देणें हीही एक विद्या आहे, असें आम्हांस वाटूं लागलें. परंतु तें तात्पर्य होऊं लागल्यामुळें नियमाप्रमाणें तेथेंच थांबावें लागलें.

दुसऱ्या शनिवारीं मासे आले. च्वांग-त्सू व त्याचा मित्र हुइ-त्सू हे हाव नदीच्या पुलावर फिरत होते. खालीं मासे स्वच्छंद पोहत होते. च्वांग-त्सू म्हणाला, “मासे कसे सुखांत आहेत पहा!” मित्र मोठा तार्किक होता. तो म्हणाला, “तूं मासा नाहींस; मग माशांचें सुख तुला कोठून कळलें?” च्वांग-त्सूनें उलट विचारलें, “तूं मी नाहींस. मग मला कळत नाहीं हें तुला कोठून कळलें?” मित्र म्हणाला, “तेंच तर! मी तूं नाहीं म्हणून तुझें मला कळत नाहीं. तूं मासा नाहींस म्हणून माशांचें तुला कळत नाहीं. सिद्धता पूर्ण झाली.” शेवटीं च्वांग-त्सू म्हणाला, “मूळ प्रश्नाकडे चल. ‘कोठून कळलें’ असें तूं विचारलेंस, त्याअर्थीं मला कळलें आहे हें धरूनच विचारलेंस. मला तें येथून, या पुलावरून कळलें.”

आमच्यांतील गणिताचा भक्त हुइ-त्सूच्या बाजूस गेला. त्याच्या मतें च्वांग-त्सूनें शब्दांची कसरत करून वेळ मारून नेली. कोंकणांतील मित्र म्हणाला, “आमच्या बंदरावर येणारा मासा सुखांत असलेला मीं तरी कधीं पाहिला नाहीं.” वाद रंगांत आला. इतक्यांत जो सहसा बोलत नाहीं तो एकजण हळूच म्हणाला, “मी सुटींत घरीं गेलों म्हणजे दारांत पाऊल टाकतांच आई म्हणते, ‘तुला भूक लागली आहे.’ ती कांहीं मी नव्हे. पण तिचें कधीं चुकत नाहीं.” यावर हुइ-त्सूच्या पक्षास उत्तर सुचलें नाहीं. च्वांग-त्सूच्या ग्रंथांत पुढें असें आलें आहे कीं, हा वाद घालणारा मित्र वारल्यावर त्याच्या थडग्याजवळून जातांना च्वांग-त्सूला फार वाईट वाटलें. आतां आपणांस बोलावयास कोणी उरलें नाहीं, असें तो म्हणाला. जन्मभर ज्याच्याशीं वाद घातला त्याच्यावांचून बोलणेंच खुंटावें, ही मैत्री आम्हांस हेवा वाटण्यासारखी वाटली.

तिसरी गोष्ट सरहद्दीवरील म्हाताऱ्याची. ही ‘ह्वाइ-नान-त्सू’ या ग्रंथांत आहे, व तो ग्रंथ ल्यू आन नांवाच्या राजपुत्रानें इसवी सनापूर्वीं १३९ सालीं चीनच्या सम्राटास सादर केला. म्हाताऱ्याचा घोडा पळाला, लोक हळहळले. म्हातारा म्हणाला, “हें चांगलें ठरणार नाहीं कशावरून?” घोडा आपल्याबरोबर उत्तम घोडे घेऊन परत आला, लोक आनंदले. म्हातारा म्हणाला, “हें वाईट ठरणार नाहीं कशावरून?” मुलगा घोड्यावरून पडून त्याची मांडी मोडली, आणि पुढें लढाई होऊन गांवचे तरणे लोक बहुतेक मेले, तेव्हां लंगडा म्हणून तो मुलगा वांचला.

ही गोष्ट सर्वांना एकदम आवडली. फक्त आमच्या नाशिककडील मित्राला आवडली नाहीं. त्याच्या घरीं कांद्याची शेती आहे. तो म्हणाला, “म्हाताऱ्याला असें बोलणें सोपें होतें. त्याच्यावर कर्ज नसेल. आमचा कांदा चाळींत सडला तेव्हां माझे वडील ‘हें चांगलें ठरेल’ असें म्हणाले असते, तर आईनें त्यांना काय म्हटलें असतें तें तुम्हांला ठाऊक नाहीं.” आम्ही गप्प बसलों. पुस्तकांतील शहाणपण हें घरच्या दुःखाच्या कांट्यावर तोलून पाहावें लागतें, हें त्यानें आम्हांस शिकविलें. थोड्या वेळानें तोच पुन्हा म्हणाला, “पण एक आहे. म्हातारा ‘चांगलें होईलच’ असें कोठेंही म्हणत नाहीं. ‘कशावरून नाहीं’ एवढेंच म्हणतो. वडीलही तसेंच कांहींसें करतात. कांहीं न बोलतां पुढच्या हंगामाचें रोप टाकतात.” त्या दिवशींची बैठक यापुढें गेली नाहीं, व जाण्याची आवश्यकताही नव्हती.

ऑगस्ट महिन्यांत आम्ही कोआनांकडे वळलों. पंधरा ऑगस्टचें झेंडावंदन नुकतेंच झालें होतें, म्हणून सहावे आचार्य हुइ-नेंग यांची गोष्ट निघाली. हे सातव्या व आठव्या शतकांतले. एका मठांत दोन भिक्षु वाद घालीत होते. एक म्हणे पताका हालते, दुसरा म्हणे वारा हालतो. हुइ-नेंग म्हणाले, “पताका हालत नाहीं, वाराही हालत नाहीं, हालतें आहे तें तुमचें मन.” आमच्या गणितज्ञानें वाऱ्याच्या दाबाविषयीं पुष्कळ सांगितलें, तें सर्व खरेंच होतें, पण तो बोलत असतां आमचें मन हालत होतें हेंही तितकेंच खरें होतें. मग अठराव्या शतकांतील जपानी आचार्य हाकुइन यांचा प्रसिद्ध प्रश्न आला: दोन हातांची टाळी वाजते, एका हाताचा आवाज कोणता? विनोदी मित्रानें तात्काळ शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारून उत्तर सिद्ध केलें. ग्रंथपाल गुरुजी तेथेंच होते. ते हंसले, पण म्हणाले, “हें कोडें नव्हे. जपानांतील मठांत शिष्य एकेका प्रश्नाबरोबर महिनेच्या महिने, कधीं वर्षें काढतात, आणि एकांतांत गुरूपुढें जाऊन उत्तर देतात. तुम्ही चहाबरोबर बोलतां आहांत तें ठीक आहे. पण आपण वेशीबाहेर उभे आहों, हें विसरूं नका.” आम्हीं तें विसरावयाचें नाहीं असें ठरविलें.

याच सुमारास आमच्या बैठकींत सातवा आला. त्याचे आईवडील ऊसतोडणीचें काम करतात. दिवाळीच्या आगेमागें गांव सोडून तीं साखर कारखान्यांच्या भागांत जातात व उन्हाळ्यांत परततात. मुलाची शाळा त्यांत बुडूं नये म्हणून त्याला वसतिगृहांत ठेविलें होतें. तो कमी बोले. चालतांना खालीं पाही. पहिल्या दिवशीं त्यानें चाओ-चौ या आचार्यांची गोष्ट मन लावून ऐकिली. एक नवा भिक्षु मठांत आला व म्हणाला, “मी नुकताच आलों आहें, मला उपदेश करा.” चाओ-चौंनीं विचारलें, “पेज खाल्लीस का?” “खाल्ली.” “मग आपली वाटी धुऊन ठेव.” गोष्ट एवढीच. यांत उपदेश कोठें आहे, यावर आमचा घटकाभर वाद चालला. नवा मुलगा त्या वेळीं कांहींही बोलला नाहीं. तो उठला आणि पेले गोळा करूं लागला. त्याला आमचा पाळीचा नियम अजून ठाऊक नव्हता, म्हणून आम्ही सर्व हंसलों.

आतां या लेखांतील कठीण भाग आला. चहा व फरसाण यांसाठीं आम्हीं प्रत्येकीं पन्नास रुपये वर्गणी काढिली होती. सात जणांचे साडेतीनशें रुपये, पन्नासच्या सात नोटा, एका बिस्किटांच्या डब्यांत ठेविल्या होत्या. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यांत पाहतों तों डबा रिकामा! आमच्यांपैकीं कोणीही मोठ्यानें कांहीं बोललें नाहीं. पण सर्वांच्या मनांत एकच नांव आलें. ज्या दिवशीं सर्वजण सामना पाहावयास गेले होते त्या दिवशीं तो एकटा खोलींत होता. चार दिवसांनीं त्याच्या पायांत नव्या चपला दिसल्या. तो खालीं पाहून चालतो याचा अर्थ आतां आम्हांस लागला. तो कमी कां बोलतो, हेंही कळलें. डोळे मिळवीत नाहीं, चहा अर्धा टाकतो, रात्रीं लवकर पांघरूण डोक्यावर ओढतो, एकेक पुरावा आपण होऊन चालत येऊं लागला. आम्ही त्याच्याशीं बोलणें कमी केलें. तो आला म्हणजे बोलत असलेला विषय थांबे. कपाटाला कुलूप लागलें, आणि किल्ली सहाजणांतच फिरूं लागली. माशाचें मन माणसाला कळतें कीं नाहीं यावर ज्यांनीं एक सायंकाळ घालविली होती, त्यांना शेजारच्या खाटेवरील मुलाचें मन कळलें आहे याविषयीं यत्किंचितही शंका आली नाहीं.

पुढच्या शनिवारीं गोष्ट सांगण्याची पाळी त्याचीच आली. आम्हांस वाटलें, तो येणार नाहीं. तो आला. त्यानें ‘लिए-त्सू’ या ताओपंथी ग्रंथांतील गोष्ट निवडली होती, व ती त्यानें आपल्या बोलींत, पुस्तकाकडे न पाहतां सांगितली. एका माणसाची कुऱ्हाड हरवली. त्याला शेजाऱ्याच्या मुलाचा संशय आला. त्यानें मुलाचें चालणें पाहिलें, तें कुऱ्हाड चोरणाऱ्याचें चालणें होतें. चेहरा पाहिला, तो कुऱ्हाड चोरणाऱ्याचा चेहरा. बोलणें ऐकिलें, तेंही तसेंच. त्याचें उठणें-बसणें, सर्व कांहीं चोराचें. मग एके दिवशीं खोऱ्यांत खणीत असतां त्या माणसाला आपली कुऱ्हाड सांपडली. दुसऱ्या दिवशीं त्यानें शेजाऱ्याच्या मुलाकडे पुन्हा पाहिलें, तों त्याच्या चालण्याबोलण्यांत चोराचें कांहींएक नव्हतें.

गोष्ट संपली. नेहमीं कोणी ना कोणी लगेच बोलत असे. त्या दिवशीं पागोळ्यांचाच आवाज येत राहिला. शेवटीं तोच म्हणाला, “त्या माणसाचाही राग समजतो. आमच्याकडे कोयता हरवला तर त्याचा दिवस बुडतो. मग माणूस कोणावर तरी येतोच.” एवढें बोलून तो उठून गेला. आपणांवर संशय घेणाऱ्यांची बाजूही त्यानेंच मांडावी, हें आम्हांस सहन होईना. आणि तरीही, लाज वाटते पण सांगितलें पाहिजे, आमच्यांतील दोघांतिघांच्या मनांत त्या वेळींही असें आलें कीं, मुलगा मोठा हुशार आहे, गोष्ट बरी शोधून काढली. संशयाची अशी रीत आहे. त्याच्यापुढें निर्दोषपणा ठेविला तरी तो त्याचाही पुरावाच करतो. त्या दिवशीं पेले कोणीही धुतले नाहींत.

सोमवारीं दुपारीं ग्रंथपाल गुरुजींनीं आम्हांस बोलाविणें पाठविलें. वाचनालयांत पुस्तकांची मोजदाद चालू होती. गुरुजींच्या टेबलावर जेम्स लेग यांचा तो जाडजूड खंड उघडा होता, आणि त्याच्या पानांत पन्नासच्या सात नोटा होत्या. त्या पाहतांच आम्हांपैकीं एकाच्या पायांखालची जमीन सरकली. ज्याच्या हातानें हा लेख लिहिला जात आहे, त्याच्याच हातानें त्या नोटा तेथें ठेविल्या गेल्या होत्या. डब्याचें झांकण बसेना, म्हणून जें पुस्तक आमच्यांपैकीं कोणीही कधीं उघडणार नाहीं त्यांत पैसे सर्वांत सुरक्षित राहतील, असा चतुर विचार करून त्यानें ते तेथें ठेविले. त्याच रात्रीं त्याला ताप भरला. चार दिवस तो आजाऱ्यांच्या खोलींत पडून होता. बरा होऊन येईपर्यंत दुसऱ्या कोणीं पुस्तक परत करून टाकिलें होतें, आणि याच्या डोक्यांतून ती गोष्ट पार पुसली गेली होती. विसरणें हा अपराध नव्हे असें गुरुजी म्हणाले. पण आपण विसरलों असूं ही शंका एकदांही मनास शिवूं नये, आणि दुसऱ्यानें चोरलें असेल ही शंका पहिल्या क्षणीं यावी, याला काय म्हणावें? कुऱ्हाड आमच्याच खड्ड्यांत होती, आणि तो खड्डा आम्हींच खणला होता.

सायंकाळीं आम्ही सहाजण त्याच्याकडे गेलों. वाटेंत अधीक्षकसाहेब भेटले व त्यांनीं सहज सांगितलें कीं, या मुलानें आठ दिवसांपूर्वीं घरीं परत जाण्याची परवानगी मागितली होती. शाळा सोडून यंदा आईवडिलांबरोबर तोडणीला जातों, असें तो म्हणत होता, आणि त्यांनीं त्याला महिनाअखेरपर्यंत थांबावयास सांगितलें होतें. हें ऐकून आमचें उरलेंसुरलें अवसान गेलें. साडेतीनशें रुपयांच्या नोटा हरवल्या नव्हत्याच. हरवत होतें तें एका मुलाचें शिक्षण, आणि त्याचा शोध आमच्यांपैकीं कोणीही घेत नव्हतें. नव्या चपलांचे पैसे त्याच्या मामांनीं पाठविले होते, हेंही पुढें कळलें.

आम्हीं क्षमेचें भाषण जुळवून ठेविलें होतें. तें अर्धें झालें असतां पुढचे शब्द आठवेनात. त्यानें सर्व ऐकून घेतलें. नंतर तो म्हणाला, “मला फार वाईट वाटलें. रोज वाटत होतें.” आम्हीं माना खालीं घातल्या. थोड्या वेळानें त्यानें विचारलें, “तुमचा चहा झाला का?”

“झाला,” आम्हीं म्हटलें.

“मग चला, शनिवारपासूनचे पेले तसेच पडले आहेत.”

हें तो चाओ-चौ आचार्यांना स्मरून म्हणाला, कीं खरोखर पेल्यांना मुंग्या लागल्या होत्या म्हणून म्हणाला, हें आम्हीं त्याला कधीं विचारलें नाहीं. आम्ही सातजण नळाकडे गेलों. सहाजणांना धुवावयास दहा मिनिटें पुरलीं असतीं. पण त्यानेंही बाह्या वर केल्या, आणि आम्हीं त्याला नको म्हटलें नाहीं. ज्या गोष्टींतील उपदेश आम्हांस घटकाभर वाद घालून सांपडला नव्हता, तो त्या थंड पाण्यांत हात घातल्यावर कांहींसा सांपडल्यासारखा वाटला. झालेलें झालें, आतां समोर जें खरकटें पडलें आहे तें धुतलें पाहिजे, आणि तें ज्याचें त्यानें धुतलें पाहिजे. हें तात्पर्य सांगून आम्ही आमचा नियम मोडीत आहों, याबद्दल बैठकीचे सभासद आम्हांस क्षमा करतील.

तो मुलगा गेला नाहीं. दिवाळींत त्याचे आईवडील तोडणीला जाण्यापूर्वीं त्याला भेटावयास आलीं, तेव्हां त्याच्या आईनें आम्हां सर्वांना बाजरीची भाकरी व शेंगदाण्याची चटणी दिली, आणि आमच्याकडे पाहून ती म्हणाली, “ह्याचे सोबती चांगले दिसतात.” त्या माउलीस आमच्याविषयीं काय ठाऊक होतें? पण तिनें म्हटलें तसें होण्याचा प्रयत्न करणें एवढेंच आमच्या हातीं आहे.

आतां शेवटीं आईवडिलांस एक विनंती. मुलें गप्पा मारीत बसलेलीं दिसलीं तर एकदम रागावूं नये. गप्पा कशाच्या चालल्या आहेत तें एकवार ऐकून पाहावें. आणि आमच्या शाळासोबत्यांस एक सूचना. एक गोष्ट, चार मित्र व थोडा चहा एवढ्या सामग्रीवर अशी बैठक कोणासही भरवितां येईल. मात्र कोणाची वस्तु हरवली तर प्रथम आपल्याच पुस्तकांचीं पानें चाळून पाहावीं, आणि त्यांतही जें पुस्तक आपण कधीं उघडीत नाहीं तें आधीं उघडावें. आम्हीं तो जाडजूड खंड आतां वाचावयास घेतला आहे. पहिल्या प्रकरणापर्यंत पोहोंचलों आहों. पेले धुण्याची पाळी या शनिवारीं आमची आहे.